माणशी अर्धा एकर

महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलाची चर्चा निघाली की एक आकडा हटकून पुढे येतो : ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली नेमलेल्या सत्यशोधन समितीने १९८४च्या अहवालात काढलेला हा राज्याचा एकूण अनुशेष. त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांहून थोडा अधिक, मराठवाड्याचा साडेतेवीसच्या आसपास आणि उरलेल्या महाराष्ट्राचा ३७ टक्के. बाबींमध्ये सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा.

समितीची रीत सरळ होती. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी अशी एकेक बाब घ्यायची आणि तिची राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याला तिथवर आणायला किती पैसे लागतील ते मांडायचं. सरासरीच्या वर असणाऱ्यांकडून काही काढून घ्यायचं नाही. हिशेबाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका नाही. दांडेकरांवर अनेक आरोप झाले, पण आकडे वाकवल्याचा आरोप त्यांच्या विरोधकांनीही गंभीरपणे केला नाही.

हा अहवाल पहिल्यांदा हाती आला तेव्हा मी त्यात पुरंदर शोधलं होतं. सापडलं नाही. सापडणं शक्यही नव्हतं, कारण तक्त्यातली सर्वांत लहान ओळ जिल्ह्याची. पुरंदर पुणे जिल्ह्यात बुडालेलं होतं आणि पुणे जिल्ह्याला सिंचनात मागास कोण म्हणणार? खडकवासला, पानशेत, भाटघर, वीर, नीरेचे कालवे, शिवाय हे शहर आणि त्याचे कारखाने. सरासरी भरपूर होती. दिवे घाट चढून पलीकडे गेल्यावर पाण्याची जी स्थिती होती, ती त्या सरासरीत कुठे दिसत नव्हती.

मी पुरंदरच शोधलं याला कारण होतं. ज्या दशकात पुण्यात अनुशेषाचा विचार पक्का होत होता, त्याच दशकात पुण्याचाच एक माणूस पुरंदरात वेगळ्या पद्धतीने वाटप मांडत होता. भागाकार दोघांचाही होता. फरक भाजकाचा होता.

खेड्यांचा हिशेब मांडणं हा पुण्याचा जुना उद्योग आहे. शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. ते गाव शहराच्या फार जवळचं, म्हणून मग ना. वि. कानिटकरांना बरोबर घेऊन त्यांनी शिरूरकडचं जातेगाव बुद्रुक निवडलं. ती पाहणी १९२१ची. शहरापासून दूरच्या कोरडवाहू गावाची तब्येत वेगळी असते, हे मॅन यांना तेव्हाच उमगलं होतं. पुढे १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी-प्रवरा कालव्यांचे फायदे मोजले. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा प्रबंध १९७१ साली आला. त्यात ग्रामीण गरिबांना सार्वजनिक कामांवर रोजगार देण्याचा आग्रह होता. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रावर जे कोसळलं, त्यामुळे तो आग्रह कागदावर राहिला नाही.

आता थोडं पुरंदरविषयी. पुणेकराला हा तालुका माहीत असतो तो जेजुरीमुळे, किल्ल्यामुळे किंवा माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी जाते म्हणून. त्यात अंजीर आणि सीताफळ मिळवा. पण हा प्रदेश पर्जन्यछायेचा. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इथे येईतो दमतो. पूर्वेच्या भागात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पडतो, तोही नेम धरून नाही. कऱ्हा नदी तालुक्याच्या मधून वाहते, पण ती पावसाळ्यापुरतीच. बारमाही म्हणावी अशी नीरा दक्षिण सीमेवरून जाते आणि ती खोलात आहे.

नीरेच्या डाव्या कालव्याचं काम १८७६च्या दुष्काळातून सुरू झालं आणि १८८५ साली त्यातून पाणी सुटलं. वीरपाशी पुरंदरच्या पायथ्याला पाणी अडायचं आणि उताराने बारामती-इंदापूरकडे न्यायचं. पुरंदरची कालव्यालगतची थोडी गावं भिजली. उंचावरचा सगळा मुलूख पाणी खालून जाताना बघत राहिला. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. पाणी उताराने जातं आणि कालवा खोदणाऱ्याला पाणीपट्टी वसूल व्हायला हवी असते. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या पुण्यात अभियंता असताना त्यांनी या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. वरच्या गावांनी सगळं पाणी उसावर ओतू नये, खालच्यांनाही पोचावं, म्हणून पाण्याखालच्या जमिनीचे तुकडे आखून पीक ठरवून द्यायचं. न्यायाच्या दिशेने ते मोठं पाऊल होतं. पण तिथेही वाटा मिळाला तो जमिनीला. ज्याची जमीन कालव्याखाली नाही किंवा ज्याला जमीनच नाही, त्याचा त्या गणितात प्रवेश नव्हता.

जोतीराव फुल्यांचं खानवडी हे गाव याच तालुक्यातलं, आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला गेला १८८३ साली, म्हणजे नीरा कालव्याचं काम चालू असतानाच. डोंगरउतारावरचं पाणी जागोजागी ताली-बंधारे घालून अडवावं, ते जमिनीत मुरावं, आणि या कामाला सरकारने आपल्याकडचं मनुष्यबळ लावावं, असं फुले त्यात मांडतात. फुले स्वतः कंत्राटदार होते, दगड-चुन्याचे आणि मजुरीचे भाव त्यांना पाठ होते. त्यामुळे ती नुसती तळमळ नव्हे. कालवा ज्यांच्यापर्यंत पोचू शकत नाही त्यांच्यासाठीचा तो पर्याय होता. त्यानंतर ९० वर्षं तरी त्यावर पैसा लावावा असं फारसं कुणाला वाटलं नाही.

मग १९७२ आलं. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सुकडी, अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो आणि खडीचे ढीग आठवतात. १९७३च्या उन्हाळ्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या काळात राज्यभर पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ला तो लागू झाला. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून आजही दरमहा कापली जाणारी ती रक्कम मुळात दुष्काळी खेड्यातल्या मजुरासाठी होती. हे माझ्या ओळखीच्या बहुतेक पगारदारांना ठाऊक नसतं, आणि कळलं की ते चकित होतात. शहराकडून खेड्याकडे पैसा वळवणारी इतकी थेट तरतूद आपल्याकडे क्वचितच झाली असेल.

विलासराव साळुंखे पुण्यातले अभियंते आणि उद्योजक. अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारा त्यांचा कारखाना होता. दुष्काळात ते पुरंदरात गेले तेव्हा त्यांना दिसलं की हजारो हात खडी फोडताहेत, पण पुढच्या वर्षी पाऊस चुकला तर हेच हात पुन्हा इथेच येतील. मजुरी मिळत होती. पाणी अडेल, माती टिकेल असं मागे काही उरत नव्हतं. मोजमापाच्या धंद्यातल्या माणसाला ही उधळपट्टी खुपली असावी. १९७४ साली त्यांनी आणि कल्पनाताई साळुंखे यांनी नायगावला देवस्थानाची ४० एकर पडीक जमीन ५० वर्षांच्या कराराने घेतली. (सावित्रीबाईंचं नायगाव खंडाळा तालुक्यातलं, हे पुरंदरातलं.) ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ याच वेळचं. उतारावर बांधबंदिस्ती, खाली पाझर तलाव, तलावाच्या खालच्या अंगाला विहीर आणि विहिरीचं पाणी पंपाने पुन्हा वरच्या रानात. तंत्र म्हणून यात नवं काही नव्हतं. बरड माळावर धान्य उभं राहिलेलं आसपासच्या गावांनी पाहिलं आणि आमच्याकडेही योजना करा म्हणून मागणी येऊ लागली. खरा प्रश्न इथे सुरू झाला. पाणी थोडं आणि मागणारे सगळे. वाटणार कसं?

त्याचं उत्तर म्हणजे पाणी पंचायत. तिचे नियम विस्ताराने सांगतो, कारण पाणी पंचायतीचं नाव सगळ्यांना माहीत असतं आणि नियम फार थोड्यांना.

योजना एकट्याची नसेल, गटाची असेल. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही. घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. घरात पाच माणसं असतील तर अडीच एकर. जमीन पंधरा एकर असली तरी तेवढंच. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नसेल. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाणी विकलं जाणार नाही, ते गटाकडे परत येईल. भूमिहीनालाही वाटा असेल. ऊस आणि उसासारखी तहानलेली पिकं घ्यायची नाहीत. पाळीपाळीने पाणी सोडायला गट आपला माणूस नेमेल आणि त्याचा पगार गटच देईल.

उसाची बंदी अनेकांना अतिरेकी वाटली. तो हिशेब मी मांडून पाहिला. एकरभर उसाला मोकळं पाणी द्यायचं तर वर्षाला साधारण ८० लाख ते १ कोटी लिटर लागतं. रब्बीच्या ज्वारीला किंवा हरभऱ्याला मोक्याच्या दोन-तीन पाळ्या मिळाल्या की पीक हाती येतं. छोट्या पाझर तलावाच्या पाण्यावर एकाने दोन-तीन एकर ऊस लावला, तर उरलेल्या गटाला पंप बंद करून घरी जावं लागेल. म्हणजे ऊस आणि माणशी वाटा या दोन गोष्टी एका विहिरीवर नांदूच शकत नाहीत.

दुसरी गोष्ट माणसं मोजण्याची. सातबाऱ्यावर नाव असतं एकाचं, बहुधा पुरुषाचं. पाणी पंचायतीच्या यादीत म्हातारी आई, सून, पाळण्यातली मुलगी हे सगळे अर्ध्या-अर्ध्या एकराचे धनी. पाणी शेवटी कुटुंबाच्याच हाती जायचं आणि निर्णय कर्त्या पुरुषाचाच असायचा, हे खरं. तरी पोटं मोजून पाणी देणारी दुसरी पद्धत सरकारी कालव्यावर मला कुठे आढळलेली नाही.

आणि पैसा. या गोष्टीकडे कौतुकाच्या भरात दुर्लक्ष होतं, म्हणून मी इथे थोडा थांबतो. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के, लाभधारकांनी आधी रोख भरायचा. ३० टक्के बिनव्याजी कर्ज. उरलेले ५० टक्के सरकारी अनुदान. गावाने आपल्या हिमतीने काम केलं असं आपण म्हणतो तेव्हा निम्मा पैसा तिजोरीतला होता हे विसरतो. विसरणं सोयीचंही असतं. ते २० टक्के जमवताना लोकांनी शेळ्या विकल्या असतील, मुंबईच्या मनिऑर्डरी थोपवून धरल्या असतील. त्या २० टक्क्यांचं मोल कमी नाही, कारण त्यामुळेच योजना आपली वाटते आणि पाळीवरून भांडण झालं तर ते गटातच मिटवावं लागतं. पण निव्वळ चिवटपणाने पाइपलाइन होत नाही. पुढे बळीराजा धरण बांधणाऱ्या खानापूर तालुक्यातल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीची वाळू विकून पैसा उभा केला आणि भूमिहीनांसकट सर्वांना पाणी हे तत्त्व धरलं. तिथेही झगडा होता तो सार्वजनिक साधनावरच्या हक्काचा. हिवरे बाजारची कीर्ती देशभर आहे, आणि तिथल्या कामालाही रोजगार हमीचा आणि आदर्श गाव योजनेचा पैसा होता. गावातली शिस्त आणि सरकारचा पैसा यांपैकी एकच दाखवून दुसरं झाकणारे कौतुकाचे लेख मला अलीकडे वाचवत नाहीत. दुष्काळी गावाला ‘लढवय्या’ म्हटलं की त्याच्या वाट्याची तरतूद कशी कमी करता येते, हे मी अर्थसंकल्पाची भाषणं वाचून शिकलो आहे.

पाणी आलं तिथे काही कुटुंबं शहरातून परतली. दोन पिकं निघू लागली, मजुरीसाठीची वणवण कमी झाली. मात्र पुढच्या काळात अनेक योजना थंडावल्या. कुठे विजेची बिलं थकली, कुठे पंप जळाला आणि नवा घ्यायला एकमत झालं नाही, कुठे ज्यांनी नियम केले ते म्हातारे झाले आणि मुलांना पुण्यातली नोकरी जवळची वाटू लागली. भूमिहीनांचं कलमही कागदावर जितकं स्वच्छ होतं तितकं रानात नव्हतं, कारण पाणी वापरायला कुणाची तरी जमीन बटाईने मिळावी लागते आणि देणारा राजी असावा लागतो.

सर्वांत मोठं भोक मात्र कायद्यातलं. गटाने पाझर तलावाखाली विहीर घेतली, पाणी रेशनसारखं वाटून घेतलं, आणि शेजारच्या गटाबाहेरच्या शेतकऱ्याने आपल्या बांधात खोल विहीर किंवा बोअर घेतलं, तर मुरवलेलं पाणी त्याच्याकडे जाणार. त्याला अडवणार कोण? जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं, हाच नियम. १९९३च्या राज्याच्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंधन घातलं. पिण्याच्या पाण्याला संरक्षण मिळालं हे योग्यच झालं. गटाच्या शेतीच्या पाण्याला त्यात काही नव्हतं. ज्यांनी स्वतःवर मर्यादा घालून घेतली त्यांचं पाणी, मर्यादा न मानणाऱ्यासाठी मोकळं राहिलं. म्हणून पाणी पंचायत लोकांच्या उत्साहाअभावी थकली असं कुणी म्हटलं की ते मला अर्धं सत्य वाटतं. तिच्या नियमाला गावाबाहेर कुणी नियम मानलं नाही.

विलासराव २००२ साली गेले. त्यांचं म्हणणं पुढे पूर्ण विरलं असंही नाही. २००५ साली महाराष्ट्राने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यात टंचाईच्या काळात लाभक्षेत्रातल्या प्रत्येक जमीनधारकाला शक्य तोवर निदान एक एकर भिजेल एवढा कोटा द्यावा असं कलम आहे. त्याची भाषा ओळखीची वाटते. पण ‘लाभक्षेत्रातल्या’ आणि ‘जमीनधारकाला’ हे दोन शब्द पाहिले की कळतं, माणूस गेला आणि खातेदार परत आला.

गंमत अशी की माणसं मोजण्याचं तत्त्व या राज्याच्या जन्मकथेतच आहे. १९५३च्या नागपूर कराराने वेगवेगळ्या विभागांवरचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा असं कबूल केलं होतं, आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यायचं ठरलं होतं. म्हणजे भाजक माणूसच. फक्त तो विभागापाशी थांबला. विभागातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून घरात तो उतरलाच नाही. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ साली वैधानिक विकास मंडळं झाली. त्यांनाही विभाग आणि जिल्हा यांचेच तक्ते पुरले. असमतोल मोजताना तालुका हा घटक धरावा का, हा प्रश्न २०११ साली नेमलेल्या विजय केळकर समितीसमोर आला. (केळकरही पुण्याचेच. या शहराला हिशेबनीसांची उणीव कधी पडली नाही.) मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली.

पुरंदरला आता पाणी येतं. घाटाखालून, मुळा-मुठेतून उपसून. पुणे शहर धरणांचं स्वच्छ पाणी वापरतं आणि सांडपाणी नदीत सोडतं. ते नदीबरोबर पूर्वेला हवेलीत जातं आणि पुरंदर उपसा सिंचन योजनेचे पंप ते तिथून उचलून टप्प्याटप्प्याने डोंगरावर चढवतात. फेस येतो, वास येतो, विहिरींचं पाणी बिघडल्याच्या तक्रारी आहेत. तरी उन्हाळ्यात आवर्तन कधी सुटणार म्हणून लोक वाट बघतात, कारण कोरड्या अंजिराच्या बागेपेक्षा ते बरं. त्यात दुसरीकडे विमानतळासाठी जमिनी जायच्या आहेत. त्या सात गावांच्या यादीत खानवडीचं नाव आहे. बागाईत वाचवायची की भाव ठरवून मोकळं व्हायचं, यावर घराघरात वाद चालू आहेत.

मागच्या उन्हाळ्यात त्या भागातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला पाणीमागणीचा अर्ज भरायला मदत मागितली. त्याच्या घरात आठ माणसं. पाणी पंचायतीचे दिवस त्याने लहानपणी पाहिले होते, वडील पाळीच्या वहीवर सही करत. आम्ही ओट्यावर बसून अर्ज भरला. नाव, गट क्रमांक, भिजवायचं क्षेत्र, पीक. घरात माणसं किती, असा रकाना त्यात नव्हता.